आमचं गोत्र गॉथ

माणसाला स्वतःविषयी खात्रीलायक माहिती आयुष्यात दोनदाच असते. एकदा सोळाव्या वर्षी आणि एकदा सेवानिवृत्तीनंतर. मधली पस्तीस-चाळीस वर्षं तो लोकलच्या दाराशी लोंबकळत असल्यामुळे ‘आपण कोण?’ हा प्रश्न त्याला पडत नाही. आपण पडू नये एवढीच त्याची धडपड असते.

२०२३ साली थंडीच्या तोंडाशी ही दोन्ही वयं इंग्लंडातल्या लीड्स गावी, आमच्या चिरंजिवांच्या स्वयंपाकघरात समोरासमोर आली. सत्तरीचा मी आणि सोळा वर्षांची माझी नात.

“आजोबा, मी गॉथ आहे,” ती म्हणाली.

आमची ही पोळ्या लाटत होती. कानाचं यंत्र तिनं पिठाचे हात लागतील म्हणून काढून ठेवलं होतं. “गोत्र?” ती म्हणाली. “काश्यप. आणि तुला ग आत्तापासून कशाला हवंय गोत्र? सोळावं तर चाललंय!”

गैरसमज पाच मिनिटांत मिटला, पण पोर कशी दिसत होती ते सांगायला हवं. काळा घोळदार झगा. पायात, पूर्वी फक्त फौजदार घालायचे तसले बूट. ओठ जांभळं खाऊन आल्यासारखे. डोळ्यांभोवती एवढं काजळ, की त्यात आमच्या वाड्यातली सगळी तान्ही पोरं न्हाऊन निघाली असती. आमच्या लहानपणी काजळ दृष्ट लागू नये म्हणून घालत. हिचं दृष्ट लागावी म्हणून घातलेलं दिसत होतं.

कपड्यांना माझा आक्षेप नव्हता. सत्तरीच्या माणसाला दुसऱ्यांच्या कपड्यांपेक्षा स्वतःच्या स्वेटरची काळजी जास्त असते. माझा आक्षेप होता तो व्याकरणाला.

“मला काळे कपडे आवडतात, असं म्हण,” मी म्हणालो. “मी अमुक गाणी ऐकते, असं म्हण. ‘आहे’ कशाला? उद्या ती गाणी आवडेनाशी झाली तर तू राहशील कोण?”

“तुम्हाला नाही कळणार, आजोबा.”

हे वाक्य ऐकलं, की कुठलाही आजोबा वाचनालयाकडे धावतो. मीही धावलो. तिथं कळलेली माहिती अशी : गॉथ ही मूळची जर्मानिक टोळी. इ. स. ४१० मध्ये या लोकांनी रोम लुटलं. त्यानंतर हजारएक वर्षांनी इटलीतल्या पंडितांना जुन्या काळची उंच, टोकदार कमानींची बांधकामं आवडेनात. १५५० साली वासारी नावाच्या चित्रकार-चरित्रकारानं त्या पद्धतीचं खापर गॉथांच्या माथ्यावर फोडलं. थोडक्यात, ‘गॉथिक’ ही शिवी होती. आपल्याकडे ‘रानटी’ म्हणावं तशी.

पुढं एकोणिसाव्या शतकात इंग्रजांना याच शिवीचा लळा लागला. लंडनपासून मुंबईपर्यंत त्यांनी गॉथिक पद्धतीच्या इमारती उठवल्या. मुंबईतली त्यातली सगळ्यात थोर इमारत म्हणजे १८८८ साली पुरी झालेलं, फ्रेडरिक स्टीव्हन्सच्या आराखड्याचं बोरीबंदरचं स्टेशन. आज ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आहे आणि २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. डोंबिवलीहून निघून मी पस्तीस वर्षं त्या स्टेशनात उतरलो. तिथल्या कमानींखालून धावताना माझ्या चेहऱ्यावर जी काळी छाया असे, ती पाहून कुठल्याही गॉथानं मला मिठी मारली असती. पण ‘मी गॉथ आहे’ असं मी घरी येऊन कधी सांगितलं नाही. ‘गाडी लेट होती’ एवढंच सांगितलं.

आमच्या नातीच्या गॉथांचा रोमच्या लुटीशी संबंध नाही. ही मंडळी इंग्लंडात १९७० च्या दशकाच्या अखेरीस उगवली. पंक संगीताचा धुरळा खाली बसत होता आणि काही पोरांना अधिक संथ, अधिक उदास, स्मशानाच्या बाजूनं जाणारं काहीतरी हवं होतं. १९८२ साली लंडनच्या सोहो भागात ‘बॅटकेव्ह’, म्हणजे वटवाघळांची गुहा, या नावाचा क्लब निघाला आणि या लोकांना अड्डा मिळाला. नाव पुन्हा तेच, जुन्या शिवीतून आलेलं. गंमत पुढेच आहे. लीड्स गावातच १९८० साली ‘सिस्टर्स ऑफ मर्सी’ नावाचा वाद्यवृंद निघाला. त्याचा म्होरक्या अँड्र्यू एल्ड्रिच याला गॉथ मंडळी आपला शंकराचार्य मानतात. आणि हा गृहस्थ वर्षानुवर्षं सांगत आलाय, की मी गॉथ नाही! अत्र्यांच्या नाटकातल्या लखोबा लोखंड्याप्रमाणे ‘तो मी नव्हेच’. ज्याच्याकडे खरा माल असतो तो पाटी लावत नाही आणि पाटी लावतो त्याच्याकडे मालाची चौकशी करावी लागते, हा सदाशिव पेठेतला नियम लीड्समध्येही लागू असल्याचं पाहून मला बरं वाटलं.

या पाट्यांचा इतिहास काढला, तर त्यातली एकही पोरांनी स्वतः रंगवलेली नसते. १९५३ साली लंडनच्या एका वर्तमानपत्रानं सातव्या एडवर्डच्या काळातले लांब कोट घालणाऱ्या पोरांना ‘टेडी बॉय’ म्हटलं. १९५८ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या हर्ब केन नावाच्या स्तंभलेखकानं, रशियाचा स्पुटनिक नुकताच वर गेला होता, त्याचं शेपूट ‘बीट’ला जोडून ‘बीटनिक’ केला. ‘हिप्पी’ हा शब्द १९६५ साली त्याच शहराच्या वर्तमानपत्रांतून गावभर झाला. म्हणजे पन्नाशीचा कोणी पोट सुटलेला बातमीदार मथळा बसवायला म्हणून शब्द काढतो आणि अठरा वर्षांचा पोरगा तो छातीवर लावून ‘हा माझा बंडखोर आत्मा’ म्हणून हिंडतो. शिंप्यानं उरलेल्या चिंधीची केलेली झूल नंदीनं पाठीवर मिरवावी, त्यातलाच प्रकार.

हे मी इतक्या अधिकारवाणीनं सांगतोय, कारण वाचकहो, मी हिप्पी होतो.

हसू नका. १९७२ सालची गोष्ट. आदल्या वर्षीच ‘हरे रामा हरे कृष्णा’ हा देव आनंदचा चित्रपट आला होता. हिप्पी होणं किती वाईट, हे दाखवण्यासाठी तो काढला होता. तो पाहून आमच्या कॉलेजातले किमान सहा जण हिप्पी झाले. मी केस वाढवले, एक पायघोळ बेलबॉटम शिवून घेतली आणि गळ्यात रुद्राक्षांची माळ घातली. माळ आजोबांची होती. ती घेताना मी देवघरातून पळवली होती आणि संध्याकाळी पूजेच्या आत परत ठेवावी लागे. असा मी रोज सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेसहा हिप्पी असे.

दिवाळीच्या सुट्टीत एका मित्राबरोबर भाऊच्या धक्क्यावरून बोटीनं गोव्याला गेलो. खरे हिप्पी हणजुण्याच्या किनाऱ्यावर असतात असं कळलं होतं. होतेही. दाढी वाढलेल्या एका गोऱ्या तरुणासमोर जाऊन मी घरून पाठ करून आणलेलं वाक्य म्हटलं, की मीसुद्धा हिप्पीच आहे. त्यानं माझ्याकडे, आपण दारावर आलेल्या विमा एजंटाकडे बघतो तसं बघितलं. मग म्हणाला, इथं कुणी स्वतःला हिप्पी म्हणत नाही, तो वर्तमानपत्रांचा शब्द आहे. त्यांच्यात म्हणायचंच झालं तर ‘फ्रीक’ म्हणत. आणि मग त्यानं अगदी कळवळून विचारलं, की शनिवारी पोस्ट उघडं असतं का? त्याच्या वडिलांचे पैसे यायचे होते.

पुढं कित्येक वर्षांनी मला कळलं, की ६ ऑक्टोबर १९६७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत खुद्द त्या लोकांनीच हिप्पीची प्रेतयात्रा काढली होती. खरोखरची शवपेटी खांद्यावर घेऊन. हा मयत गृहस्थ प्रसारमाध्यमांचा लाडका पुत्र होता, असं निधनवार्तेच्या पत्रकावर छापलं होतं. म्हणजे मी हिप्पी झालो तेव्हा हिप्पीचं पाचवं वर्षश्राद्ध उरकलं होतं. डोंबिवलीला बातमी पोचायची होती, इतकंच.

आता जरा नको असलेली आठवण सांगतो. १९७३ च्या सुरुवातीला मला फोर्टातल्या एका कचेरीचं मुलाखतीचं बोलावणं आलं. आदल्या संध्याकाळी मी स्वतःहून, कुणी न सांगता, सलूनमध्ये जाऊन बसलो. वीस मिनिटांत माझा बंडखोर आत्मा खाली फरशीवर पडला आणि पोऱ्यानं तो झाडूनही टाकला. घरी आलो तेव्हा वडील पेपर वाचत होते. केसांवरून त्यांच्याशी माझी सहा महिने धुसफूस चालू होती. त्यांना आनंद होईल असं मला वाटलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“एवढ्यात?” ते म्हणाले. आणि पुन्हा पेपर वर धरला.

त्या एका शब्दाचा अर्थ मला रात्री आईनं सांगितला. बेचाळीस साली वडील एका गोऱ्या कंपनीत कारकून होते. ऑगस्टनंतर ते गांधीटोपी घालून कामावर जायला लागले. साहेबानं टोपी काढायला सांगितली. यांनी काढली नाही. भाषण केलं नाही, घोषणा दिली नाही, नुसती काढली नाही. नोकरी गेली. पुढची दोन वर्षं त्यांनी लोकांच्या मुलांना गणितं शिकवून काढली. हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. ‘मी अमुक आहे’ असं सांगायची त्यांना सवयच नव्हती.

हे सगळं मी पोटात ठेवून नातीची उलटतपासणी करत होतो. तिनं मला उत्तर दिलं नाही. ती आम्हाला व्हिटबीला घेऊन गेली.

व्हिटबी हे यॉर्कशरच्या किनाऱ्यावरचं कोळ्यांचं गाव. ब्रॅम स्टोकर १८९० साली तिथं उतरला होता आणि त्याच्या १८९७ च्या कादंबरीतला ड्रॅक्युला कुत्र्याच्या रूपात याच किनाऱ्यावर उडी घेतो. त्यामुळं १९९४ पासून तिथं गॉथांची जत्रा भरत आलीय. चर्चपर्यंत १९९ पायऱ्या आहेत. आपल्या जेजुरीला नऊ लाख असल्यामुळं मी दाद दिली नाही, पण दम तेवढाच लागला.

सगळं गाव काळं. भंडाऱ्याऐवजी काजळ उधळल्यासारखं. उंच टोप्या घातलेले पुरुष, जाळीच्या छत्र्या घेतलेल्या बायका, आणि दुकानांतून ‘जेट’ नावाच्या काळ्या खड्याचे दागिने. हा खडा तिथल्याच कड्यांतून निघतो. १८६१ साली नवरा गेल्यावर व्हिक्टोरिया राणीनं काळं नेसायला घेतलं आणि सुतकी दागिना म्हणून जेटला बरकत आली. आमच्या हिनं काळा रंग पाळायचा म्हणून संक्रांतीसाठी आणलेली चंद्रकळा नेसली होती. वर चिरंजिवांचा ओव्हरकोट, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात काळी पोत. उंच टोपीवाल्या एका गृहस्थानं कमरेत वाकून तिच्याकडे फोटोची परवानगी मागितली. नातीची मैत्रीण तर भारावून म्हणाली, “तुझी आजी अगदी ट्रॅड आहे!”

ट्रॅड म्हणजे परंपरागत. या लोकांत ट्रॅड गॉथ, रोमँटिक गॉथ, व्हिक्टोरियन गॉथ, सायबर गॉथ अशा पोटशाखा असतात, हे मला तेव्हा कळलं. इतकंच नव्हे, तर खरा गॉथ कोण आणि नुसता जत्रेपुरता काळा झालेला कोण, यावरून चहाच्या दुकानात जी चर्चा चालली होती ती ऐकून मला पुण्यात असल्यासारखं वाटलं. एका मुलीला जुन्या वाद्यवृंदांची नावं सांगता आली नाहीत, तर तिचे ओठ पुरेसे काळे असूनही तिला जवळजवळ वाळीत टाकण्यात आलं. जातीपाती सोडून पळालेली माणसं जिथं जातात, तिथं पहिल्या दिवशी चूल मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पोटजात. हा माझा दुसरा आक्षेप. पाटी दारावर लावावी, म्हणजे ओळखीच्यांना घर सापडतं. हे लोक ती कुंपणावर लावतात, इतरांनी आत येऊ नये म्हणून.

टीकेचा पुरेसा दारूगोळा जमवून मी लीड्सला परतलो. आणि मग ती बस आली.

दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी मी आणि नात बसनं घरी येत होतो. ती तिच्या नेहमीच्या काळ्या वेषात. मागच्या बाजूला चार पोरं चढली. आधी हसली, मग काहीतरी बोलली, मग त्यातल्या एकानं चुरगळलेला कागद फेकला. तो तिच्या केसांत अडकला. माझे हात गार पडले. मी हळूच म्हणालो, “पुढच्या स्टॉपला उतरू या, बाळ. चालत जाऊ.”

तिनं कागद काढला आणि खिशात टाकला. “आजोबा,” ती म्हणाली, “मी रोज याच बसनं येते.”

आम्ही उतरलो नाही. पोरं आमच्याआधी उतरून गेली. घरी आल्यावर मी म्हणालो, निदान रात्रीचं तरी साधं काही घालत जा. तेव्हा तिनं मनगटातलं काळं रबरी कडं मला दाखवलं. ते मी फॅशन समजत होतो. त्यावर एक नाव होतं : सोफी. सोफी लँकास्टर, वय वर्षं २०. २००७ च्या ऑगस्टमध्ये लँकाशरमधल्या बेकप गावच्या बागेत ती आणि तिचा मित्र गॉथ पोशाखात दिसले, एवढ्याच कारणावरून काही पोरांनी मित्राला मारायला सुरुवात केली. त्याला वाचवायला ती मध्ये पडली. काही दिवसांनी ती इस्पितळात वारली. तिच्या आईनं त्यानंतर हा विषय सोडला नाही. २०१३ पासून मँचेस्टर परिसराच्या पोलिसांनी अशा वेगळ्या पोशाखाच्या लोकांवरच्या हल्ल्यांची नोंद द्वेषाचा गुन्हा म्हणून करायला घेतली.

आमची नात जन्मली तेही २००७ साल.

“म्हणून तर तू हे सोडायला हवंस,” मी म्हणालो.

“म्हणूनच तर नाही सोडत,” ती म्हणाली.

मला त्या क्षणी चष्म्यावरून पाहणारे वडील दिसले. मी कारण नसताना डोक्यावरून हात फिरवला. तिथं आता कापायलाही काही उरलेलं नाही.

मी त्या रात्री पुन्हा व्याकरणाकडे वळलो, कारण झोप येत नसली की मला तेवढाच उद्योग सुचतो. आपल्या मराठीत माणसाला नाव द्यायची एक चांगली रीत आहे. वारी करतो तो वारकरी. कष्ट करतो तो कष्टकरी. पहारा करतो तो पहारेकरी. गावकरी गाव ‘करत’ नाही हे मला माहीत आहे, पण एवढं तेवढं प्रत्येक व्याकरणात चालायचंच. मुद्दा असा, की यात नुसत्या ‘आहे’नं भागत नाही. वारकऱ्याच्या गळ्यात तुळशीची माळ असते खरी, पण त्या माळेबरोबर एकादशी येते, मांसाहार सुटतो, आणि आषाढात पंढरपूरपर्यंत पाय तुडवावे लागतात. माळ फुकट मिळते, वारी फुकट होत नाही. मीही माळ घातली होती. पण माझी साडेसहाला देवघरात परत जायची.

तेव्हा माझी टीका मी मागे घेत नाही, थोडी हलवून ठेवतो. पाटी बहुतेक वेळा दुसऱ्याची असते. ती दुकानात तयार मिळते, आणि ती लावली की स्वतःविषयी विचार करायचं काम वाचतं, हे सगळं मला अजूनही खरं वाटतं. पण पाटी लावणाऱ्याला ‘तू हा आहेस का?’ असं विचारण्यात अर्थ नाही. याच्यापायी तुला काय पडतं, आणि ते पडलं तेव्हा तू काय केलंस, एवढंच विचारावं. मला एका केस कापण्याचे पैसे पडले. वडिलांना नोकरी पडली. नातीला रोजची संध्याकाळची बस पडते.

सकाळी मी तिला हे सगळं सांगितलं.

“मग मी कोण?” तिनं विचारलं.

“गॉथकरी,” मी म्हणालो. तिनं तो शब्द दोनदा उच्चारून पाहिला आणि चहा घेतला. पसंत पडला की नाही ते कळलं नाही. सोळाव्या वर्षी पसंती आजोबांना दाखवायची नसते.

आमचा मुक्काम फेब्रुवारीपर्यंत होता. संक्रांतीला आमच्या हिनं आपली चंद्रकळा नातीला नेसवली. निऱ्या तिनं केल्या, बूट पोरीनं सोडले नाहीत. वर्षभर काळ्याला नावं ठेवायची आणि ऐन सणाला काळंच नेसायचं, हे आपल्या लोकांना कसं सुचलं असेल, असं ती आजीला विचारत होती. काळ्या साडीवर हलव्याचे पांढरे दागिने घालून, ओठ तसेच काळे ठेवून तिनं माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि वाकून नमस्कार केला.

“गोड बोला, आजोबा.”

यंत्र न लावलेली आमची ही कौतुकानं म्हणाली, “शोभतेय खरी काश्यपांची.”

हा लेख त्यानंतर लिहिलाय. टीकालेख म्हणून तो कमी कडू झाला असेल, तर दोष तिळगुळाचा.